लड गुंडाळायला दोघं लागतात

१

माझ्या रागाला कारण लागत नाही, असं आमचे हे म्हणायचे. साफ खोटं आहे. कारण मला नेहमीच असतं, आणि साथीच्या त्या दिवसांत तर सकाळी डोळा उघडायचा अवकाश, कारणं दारात उभी असायची.

दारात म्हणते, कारण पहिलं कारण दारावरच चिकटवलेलं होतं. ह्यांचा रिपोर्ट आला त्याच दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरीनं आमच्या दारावर लाल-पांढरी पट्टी आडवी मारली, चोरी झालेल्या घराला मारतात तशी, आणि वर मलाच म्हणाला, "वहिनी, गैरसमज करून घेऊ नका." गैरसमज कशाला करून घेऊ? मी सरळ समज करून घेतला. हा माणूस आमच्याकडे येऊन चहा पितो, पुस्तकं नेतो, परत करायचं नाव काढत नाही, आणि आज एकावर एक दोन मास्क चढवून आमच्या दाराला पट्टी मारतो.

बरं, आजार आणला कुठून, तर केस कापायच्या दुकानातून. सगळं जग घरात दडी मारून बसलेलं असताना ह्यांना केस कापायची हुक्की आली. डोक्यावर मैदान आणि कानांमागे थोडी झालर. त्या झालरीसाठी जिवाशी खेळ! हे मी दिवसातून निदान एकदा तरी बंद दाराला ऐकवत असे.

मागची खोली ह्यांना दिली होती. तिला स्वतःचं न्हाणीघर आहे आणि मागच्या गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी. खोलीच्या दाराबाहेर मी एक स्टूल ठेवलं. ताट स्टुलावर ठेवायचं, दार वाजवायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. मग कडी वाजे, ताट आत जाई, पुन्हा कडी लागे. घसा बसल्यामुळे ह्यांचं बोलणं म्हणजे नुसती खरखर. बोटाला लावायच्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा तेवढा ते दारातून सांगायचे आणि मी तो फोनवरच्या डॉक्टरला कळवायची. डॉक्टर आकडा ऐकायच्या आधीच "घाबरू नका" म्हणायचा. त्याचाही मला राग यायचा, कारण मी घाबरलेली होतेच, आणि आकडा न ऐकता मला शांत करायचा त्याला काय अधिकार?

हो, मी घाबरले होते. ते ज्या श्वासानं खोकायचे त्याच्या पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत मी हातातलं काम थांबवून उभी राहायची. आणि भीती वाटली की मी ओरडते. मी ओरडले की आतून "झालं का सुरू?" अशी खरखर यायची, आणि मग माझ्या जिवात जीव यायचा.

२

मी मुलींच्या उद्योगशाळेत शिवण आणि विणकाम शिकवते. शाळा बंद, मुली घरी, मी घरी. हाताला चाळा नसेल तर मी भांडी आपटते, म्हणून विणायला बसायची. दवाखान्यातल्या तान्ह्या मुलांसाठी टोपडी. सुलट, उलट, सुलट, उलट. टोपडं इवलंसं असतं, बसल्या बैठकीत निम्मं होतं, आणि तेवढा वेळ डोकं गप्प राहतं.

लोकर मात्र त्या दिवसांत गुंड्यांत मिळेना. गुंडे करणारी माणसं आपापल्या गावी निघून गेली, म्हणून दुकानदारानं नुसत्या लडी माथी मारल्या. लड म्हणजे लोकरीचा लांब, सैल वेढा. तशीच विणायला घेतली तर असा गुंता होतो की देव आठवतो. एकानं दोन्ही हात पुढे करून ती मनगटांवर ताणून धरायची आणि दुसऱ्यानं तिचा गुंडा गुंडाळायचा. लग्न झाल्यापासून लड धरायचं काम ह्यांचं. हात पुढे करून बसायचे आणि माझी बोलणी खायचे. हात अडकलेले, पळणार कुठे!

"बसून बसून विटलो," हे एके दिवशी दारातून म्हणाले. "काहीतरी दे हाताला."

"लड देते. खुर्चीच्या पाठीला अडकवा आणि करा गुंडा. निदान उपयोगी तरी पडाल."

दुपारच्या ताटासोबत मी पिवळी लड ठेवली. संध्याकाळी स्टुलावर रिकाम्या ताटाशेजारी गुंडा होता. तो मी पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी उन्हात टांगला आणि विषाणू मेला असेल अशा अंदाजानं विणायला घेतला. घेतला आणि हात थांबला.

माझ्या मुली परीक्षेला मावशीचं, काकूचं, शेजारणीचं विणकाम स्वतःचं म्हणून आणतात. मी ते नुसतं बोटांत धरून ओळखते. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल, कुणाचा रागात घट्ट आणि मग सैल. गुंड्यालाही हात असतो. हा गुंडा डाव्या हातानं गुंडाळलेला होता. वेढे उलट्या बाजूनं गेलेले, आणि मधे तीन बोटं धरून ठेवल्यामुळे पडते तशी पोकळी.

आमचे हे उजवे. ठार उजवे, डाव्या हातानं दाराची कडीसुद्धा नीट काढता येत नाही. डावखुरी मी. तीन बोटं मधे धरायची सवय माझी.

म्हटलं, माझाच जुना गुंडा पिशवीत राहिला असेल आणि ह्यांचा कुठेतरी घरंगळला असेल. पण पिवळी लोकर आधी घरात नव्हतीच. शिवाय गुंडा माझ्यासारखा असला तरी माझ्याहून नीट होता. एकही वेढा कमी-जास्त नाही. माझ्याहून नीट गुंडा करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला भीती वाटली नाही. अपमान वाटला.

३

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन आला.

"वहिनी, एक तक्रार आली आहे. रागावू नका."

"कशाबद्दल ते कळल्याशिवाय कसं ठरवू?"

"पेशंटच्या खोलीत दुसरं कुणी जायचं नाही, असा नियम आहे. तुमच्या मागच्या खोलीत दुपारी कुणीतरी येऊन बसतं म्हणे. समोरच्या इमारतीतून दिसतं."

मागच्या गल्लीपलीकडच्या इमारतीतून, म्हणजे दुर्बीणबाईंना. त्यांच्याकडे खरी दुर्बीण नाही, पण गरजही नाही. गल्लीत कुणाच्या घरी कोण आलं, काय शिजलं, वाळत घातलेल्या चादरीला भोक कुठे आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा आत खोकून खोकून अर्धा झालाय, मी बाहेर हातांची साल निघेपर्यंत साबण लावतेय, आणि ह्या बाई म्हणतात मी घरात पाहुणे भरवते!

मी तडक मागच्या गॅलरीत गेले. आमच्या गॅलरीतून त्यांची खिडकी समोरासमोर येते.

"काय हो," मी ओरडले, "उचलली जीभ लावली टाळ्याला? कुणाला पाहिलंत तुम्ही आमच्या घरात?"

त्यांनी पडदा बाजूला केला. वास्तविक त्यांनी भांडायला हवं होतं. आम्ही कितीतरी वेळा भांडलो आहोत, आणि त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. पण त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, मग मागच्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही आत्ता बाहेर कशा?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काही नाही. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. त्यांच्यासारखी बाई आपल्या नजरेत दोष काढते, हे मला मुळीच आवडलं नाही.

४

लेकीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. ती दुसऱ्या शहरात, तिथेही सगळं बंद, येणार कशी? त्या संध्याकाळी मी "हॅलो" म्हणायच्या आत तिनं मला फैलावर घेतलं.

"आई, तू बाबांच्या खोलीत का जातेस?"

"कोण म्हणतं?"

"बाबांनी मेसेज केलाय. दुपारी आई येऊन बसते, बरं वाटतं, म्हणून. तुला कळत नाही का? तुलाही झालं तर तुमच्या दोघांकडे बघणार कोण?"

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. फोन ठेवला आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेले. स्टुलावर त्या दिवशीचा गुंडा होता, निळा, डाव्या हाताचा.

"अहो," मी म्हटलं. "गुंडा कोण करतं?"

"म्हणजे काय?" आतून खरखर आली. "तूच ना."

"मी तुमच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

मग ते हसले. आजारी माणूस समजुतीनं हसतो तसे. "बरं बाई. नाही टाकलंस. सेक्रेटरी ऐकत असेल."

"सेक्रेटरी गेला खड्ड्यात! मी काय म्हणतेय ते ऐका. दुपारी तिथे कोण येतं?"

"तू येतेस. मास्क लावून समोर बसतेस. मी लड धरतो, तू गुंडाळतेस." खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत मी दाराला हात लावून उभी राहिले. "बोलत नाहीस काही. खरं सांगू? फार बरं वाटतं. आत्ता पुन्हा का ओरडायला लागलीस?"

हे ऐकून मला रडू आलं असतं तर एक वेळ शोभलं असतं. मला राग आला. ताप डोक्यात चढला की माणूस काहीबाही बरळतो, हे मला कळतं. पण तापातसुद्धा ह्या माणसाला बायको हवी तर मुकी!

मी स्वयंपाकघरात जाऊन विचार केला. एक, ताप. दिवसभर एकटं पडून भास होतात, डॉक्टरही म्हणाला होता. दुर्बीणबाईंना ह्यांचीच सावली दिसली असेल, किंवा खुर्चीवर टाकलेलं पांघरूण. आणि गुंडा? इतकी वर्षं माझे हात बघत बसलेला माणूस, आला असेल त्यालाही तसाच करता. सगळं नीट जुळलं. फक्त रोज दुपारी मला खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू यायचा, आणि ह्यांच्या पलंगाशी खुर्ची एकच होती, लड अडकवायची. लड खुर्चीवर असेल तर खुर्ची सरकवून बसत कोण होतं?

५

मी लडी देणं बंद केलं. नको ती भानगड. हाताला काम हवं तर शब्दकोडी सोडवा म्हटलं, आणि वर्तमानपत्रांची चवड स्टुलावर ठेवली.

ती चवड तशीच राहिली. दुपारी खुर्ची सरकली. मी विणत बसले होते, टाके मोजायचे सोडून कान दाराकडे. आत कुणी बोलत नव्हतं. ह्यांचा श्वास मात्र ऐकू येत होता, आणि त्याच्याखाली एक अगदी बारीक, मऊ आवाज. लोकर लोकरीवर घासते त्याचा. हा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले आहे, पण स्वतःच्या हातातून. दुसऱ्याच्या हातातून तो कसा येतो, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी स्टुलावर गुंडा होता. जांभळा. जांभळी लोकर मी दिली नव्हती. मी तो उचलला, बोटांत धागा धरला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नव्या लोकरीचा धागा सरळ असतो. एकदा विणून उसवलेल्या लोकरीला बारीक नागमोडी पीळ राहतो, टाक्यांची आठवण असते ती. हा धागा सगळा नागमोडी होता. ह्यांचा जांभळा स्वेटर. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी विणलेला, कोपरांना तीनदा रफू केलेला, आणि तरी हे तो टाकायला तयार नव्हते. कुणीतरी तो उसवला होता.

माझं विणकाम मी सोडून कुणी उसवलेलं मी आजवर खपवून घेतलेलं नाही. शाळेत नाही, घरात नाही.

"अहो! स्वेटर कुठे आहे तुमचा?"

"तूच म्हणालीस ना, उसवूया म्हणून."

"मी बोलत नाही म्हणालात ना तुम्ही?"

"बोलली नाहीस. हातानं दाखवलंस." आवाज खूप लांबून आल्यासारखा होता, खोली काही एवढी मोठी नाही. "पुढे काय उसवायचं तेही दाखवलंस."

"काय?"

मी दारावर थाप मारली.

"आकडा सांगा. यंत्र बोटाला लावा आणि आकडा सांगा मला!"

"बरा आहे मी," हे म्हणाले. "जरा हलकं वाटतंय, इतकंच."

मी डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, घाबरू नका. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी तो म्हणाला, आकडा मिळाला नाही तर उद्या सरळ रुग्णवाहिका बोलवा.

६

दुसऱ्या दिवशी सकाळचं ताट आत गेलं नाही. दार वाजवलं, हाका मारल्या. "येतो," एवढंच. दुपारचंही ताट तसंच पडून राहिलं, आणि आत खुर्ची सरकली.

मग मात्र मी रुग्णवाहिकेला फोन केला, तोंडाला मास्क बांधला, खांद्यावरची हिरवी शाल घट्ट गुंडाळली आणि दार ढकललं. कडी लावलेलीच नव्हती. इतके दिवस मी बाहेरून नियम पाळत होते, आणि कडी लावलेलीच नव्हती!

दुपारचं ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आलेलं होतं. हे पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात पुढे. मनगटांवर लड होती. कसली, ते मी सांगू शकत नाही. तिला रंग असा नव्हताच, नखाखाली दिसतो तसा फिकट काहीतरी. ती ताणलेली होती आणि कमी होत होती. हे तिच्याकडे बघत होते, तोंड किंचित उघडं, झोपलेल्या मुलासारखं समाधानी.

आणि समोर खुर्ची, दाराकडे पाठ करून. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. माझा अंबाडा, त्यात माझा आडवा काटा, आणि खांद्यांवर हिरवी शाल. डावा हात गोल फिरत होता, एकसारखा, न थांबता, फार नीट.

शाल माझ्या अंगावर होती. मी ती चाचपून बघितली.

"कोण गं तू?" मी ओरडले. "माझ्या घरात, माझ्या खुर्चीत! ऊठ! ऊठ आधी!"

हात थांबला नाही. दचकला तो माझा नवरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरचं समाधान गेलं. कपाळाला आठ्या पडल्या. दारात चुकून आलेल्या परक्या बाईकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हळू बोला हो," ते मला म्हणाले. आणि मग खुर्चीकडे वळून, हलक्या आवाजात, "कोण आहे ही?"

खुर्चीतला अंबाडा वळायला लागला.

मी थांबले नाही. ह्यात शौर्य नाही आणि भ्याडपणाही नाही, मला तो चेहरा बघायचा नव्हता, बस्स. मी पलंगाशी धावले, ह्यांच्या मनगटांवरची लड ओरबाडून काढली, ती गरम होती, आणि ह्यांना दंडाला धरून उठवलं. एवढा उंच माणूस, पण उचलताना एखादं वाळलेलं टोपडं उचलावं तसा हाताला लागला. ओढत ओढत बाहेर आणला, दार लावलं आणि बाहेरून कडी घातली.

आतून कुणी दार वाजवलं नाही. फक्त खुर्ची सरकली.

रुग्णवाहिकेची माणसं वर आली तेव्हा मी ह्यांना स्टुलावर बसवून धरून ठेवलं होतं. पांढऱ्या पोशाखातल्या एकानं बोटाला यंत्र लावलं आणि दुसऱ्याकडे बघितलं. "बरोबर कोण येणार?" त्यानं विचारलं.

"मी. मी बायको आहे."

"नाही, नाही," हे घाईनं म्हणाले. श्वास पुरत नव्हता तरी अगदी अदबीनं. "ह्या बाईंना कशाला त्रास? माझी बायको आत आहे. तिला बोलवा."

तो पांढऱ्या पोशाखातला माणूस माझ्याकडे बघून समजुतीनं मान हलवत होता. "प्राणवायू कमी झाला की बोलतात असं काहीही, ताई. मनावर घेऊ नका." मी मनावर घेतलं. जिन्यावरून खाली नेईपर्यंत हे मान वळवून आमच्या दाराकडे बघत होते.

७

हे वाचले. सगळे म्हणतात मी वाचवलं, आणि ते खरं आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटांवरचे वळ बघून विचारलं, कुणी बांधून ठेवलं होतं का? मी म्हटलं, लोकर धरत होते. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. खोकला गेला, भूक परत आली, चेहऱ्यावर रंग आला. आकडा उत्तम. फोनवरचा डॉक्टर म्हणतो, स्मरणाचं हळूहळू सुधारेल, आणि अर्थात, घाबरू नका.

ह्यांना सगळं आठवतं. लेक आठवते, सेक्रेटरीनं नेलेली पुस्तकं आठवतात, स्वेटर आठवतो. माझ्याशी वागणं इतकं चांगलं आहे की काय सांगू. ताट स्वतः उचलतात. "तुम्ही फार करता हो माझ्यासाठी," म्हणतात. मी पाणी दिलं की आभार मानतात. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पाण्यासाठी माझे आभार मानले नव्हते, आणि मला ते कधी हवेही नव्हते.

मागच्या खोलीची कडी मी काढलेली नाही. औषध फवारायला आलेल्या माणसाला मी बाहेरूनच परत पाठवलं. दुपार झाली की हे स्टूल घेऊन त्या दारासमोर बसतात आणि दोन्ही हात पुढे करतात. रिकामे. परक्याच्या घरात असल्यासारखे कडीला स्वतः हात लावत नाहीत. मी लिंबाचं सरबत घेऊन गेले तर म्हणतात, "बाई, आता तरी उघडा ना. बिचारी कधीची एकटी आत आहे."

सुरुवातीला मी भांडायची. "मी आहे ना! डोळे फुटले का? ही बघा मी!" लग्नातले फोटो दाखवले. फोटो ते बारकाईनं बघायचे आणि म्हणायचे, "हो, हीच ती," आणि दाराकडे बोट करायचे. मग हळूहळू माझं भांडणं कमी झालं. किती वेळा तेच तेच बोलणार? परवा सेक्रेटरी येऊन पार्किंगवरून काहीतरी निर्लज्जासारखं बोलून गेला आणि मी "बरं" म्हटलं. तोच गोंधळला. दुर्बीणबाई तर आता मला पाहिल्यावर खिडकीच लावतात, आणि त्यालाही मी काही म्हणत नाही. दमले असेन, असं मी स्वतःला सांगितलं. दवाखान्यातल्या जागरणांचा शीण असतो.

टोपडी मात्र विणते. पूर्वीपेक्षा जास्त, आणि नीट. टाका कमी-जास्त होत नाही.

काल दुपारी मी तशीच विणत बसले होते. हे स्टुलावर, हात पुढे. घरात काही आवाज नव्हता. आणि मागच्या खोलीतून दारावर थाप पडली. एक नाही, धडाधड, दोन्ही हातांनी.

"उघडा! अहो, कानात बोळे घातलेत का? किती दिवस कोंडून ठेवणार मला? माझ्या घरात मलाच कोंडता? आणि ती कोण भवानी बाहेर बसवून घेतली आहे? काढा तिला! आधी तिला बाहेर काढा!"

आवाज माझा होता. तो चढत चढत शेवटी फाटतो, तिथपर्यंत माझा.

ह्यांचा चेहरा उजळला. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते मनापासून हसले, डोळ्यांत पाणी आलं. "झालं का सुरू?" ते दाराला म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, अभिमानानं, "ऐकलंत? अशीच आहे ती. ही माझी बायको."

ते उठले आणि कडीकडे गेले. मी त्यांना अडवायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, हात धरायला हवा होता, त्या आतल्या बाईला चार शब्द सुनवायला हवे होते. मी शब्द शोधले. मी खूप शोधले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला राग आलेला नव्हता.